कंटेनरात एका गाडीची जागा

डहाणूजवळ सरावलीच्या नाक्यावर जयश्रीचं घर विचारलंत, तर दोन माणसं डोकं खाजवतील. गाडीवाल्या बायचं घर विचारलंत, तर तिसरा माणूस उठून चालायलाच लागेल. "या, दाखवतो."

तशी ती अंगणवाडीतली सेविका. सकाळी पोरांची वजनं करायची, खिचडी वाढायची, रजिस्टरं भरायची, यात तिचा दिवस जायचा. पण तिची खरी ओळख म्हणजे दारातली पांढरी छोटी मारुती. मागच्या काचेवर लेकीने, अदितीने, पहिलीत असताना चिकटवलेलं निळं फुलपाखरू आहे. त्याचा एक पंख उन्हाने उडून गेलाय. या गाडीतून सरावलीच्या सात बायका बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या, आठवी वाटेतच मोकळी झाली. महालक्ष्मीच्या जत्रेला तीत नऊ माणसं बसलेली लोकांनी पाहिली आहेत. चालवायची मात्र जयश्रीनेच. नवरा दिपक शेजारी बसायचा, मांडीवर पिशवी घेऊन, पाहुण्यासारखा.

त्याला कारण होतं. गाडी घ्यायच्या आदल्या वर्षी दिपक चारोटीजवळ मोटारसायकलवरून पडला आणि पायात सळी घेऊन घरी आला. जयश्रीची आई गंगी तलासरीकडच्या डोंगरपाड्यावरून धावत आली, आणि जावई काठी टेकत चालायला लागल्याबरोबर त्याला रघ्या भगताकडे घेऊन गेली. रघ्याने सुपात तांदूळ टाकले, दाण्यांच्या जोड्या लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. मग म्हणाला, "धावतं लोखंड तुझ्या हातात नको. घरात आण, पण बाईच्या हातात दे."

दिपक आयटीआय झालेला फिटर. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात दिवसभर लोखंडाशीच त्याची झटापट. तो हसला. पण मोटारसायकल विकली, आणि २०१२ साली गाडी घेताना कागदावर नाव घातलं जयश्रीचं. "ऐकून ठेवलं," तो मित्रांना सांगायचा. "त्यात आपलं काय जातं?"

काय जातं ते त्याला सात वर्षांनी कळलं.

मोटार ट्रेनिंग स्कूलचा मास्तर गुजराती. "बेन, क्लच धीमे धीमे छोडो," असं तो पंधरा दिवस ओरडत होता. सोळाव्या दिवशी जयश्री एकटी गाडी घेऊन समुद्रावर गेली, सुरूच्या झाडांखाली उभी केली, काचा वर घेतल्या आणि कोणी बघत नाही याची खात्री करून मोठ्याने हसली. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाड्यावरची पोर, शाळेत जायला रोज पाच किलोमीटर चालणारी. आता कुठे जायचं ते आपण ठरवायचं, कधी निघायचं तेही आपण ठरवायचं. एवढंच.

२०१८च्या गणपतीनंतर दिपकच्या शेठने कारखाना बंद करायचं ठरवलं. त्याचा मेहुणा केनियात फुग्यांचा कारखाना काढत होता, मशीनं तिकडे जायची होती. ती मशीनं जुनी, प्रत्येक मशीनची खोड वेगळी, आणि त्या खोडी ओळखणारा माणूस एकच. शेठने दिपकला समोर बसवून चहा पाजला. दोन वर्षांचा करार, कारखान्याच्या आवारातच क्वार्टर, अदितीच्या शाळेला बस. नाही म्हटलं, तर चाळिशी ओलांडलेल्या फिटरला डहाणूत दुसरं कोण ठेवणार?

जयश्री 'नाही' म्हणाली नाही. 'हो' म्हणाल्याचंही तिला आठवत नाही. पासपोर्टचे फोटो काढून झाले, आणि फोटोतल्या आपल्याच चेहऱ्याकडे बघताना तिला वाटलं, हे ठरलं कधी?

मग निघाला गाडीचा विषय. शेठच म्हणाला, "मशीन भरून कंटेनरमां एक नानी गाडीनी जगा रहे छे. लई जा ने, दिपकभाई."

दिपक घरी आला तो उड्या मारतच. मशीनं भरून कंटेनरात एका छोट्या गाडीची जागा उरत होती. केनियात आपल्यासारखंच, स्टिअरिंग उजवीकडे. गाडी जशी आहे तशी चालेल. जयश्रीचा चेहरा पाहून तो थांबला. "काय झालं? गाडी तुझी, तुलाच चालवायची आहे. मी तर तिथेही पिशवी घेऊन शेजारीच बसणार."

आरटीओची कामं करणारे वासुदेवभाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बघा ताई, सीधी बात. तिथे आठ वर्षांच्या आतलीच गाडी घेतात. तुमची बाराची. या कंटेनरात चढली तर चढली. त्यानंतर वर्षभराने तुम्ही म्हणाल, आता पाठवा, तर बंदरावरूनच वापस. आणि इथून न्यायची तर इथली नोंदणी रद्द करायला लागेल." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "कायमची बाहेर नेणार, असं लिहिलंय इथे. मालकाने सही करायची."

"दोन वर्षांसाठीच जातोय आम्ही," जयश्री म्हणाली.

"माणसं दोन वर्षांसाठी जातात, ताई. गाडी कायमचीच जाते."

दिपकने पेन काढलं, टोपण उघडलं आणि फॉर्मवर वाकला. वासुदेवभाईंनी हलकेच त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला. "मालक या आहेत ना?"

दिपक क्षणभर पेनाकडे बघत राहिला. मग हसून त्याने ते बायकोकडे दिलं. तिने फॉर्मची घडी घातली. "घरी नीट वाचून करते," म्हणाली, आणि तो पर्समध्ये ठेवला.

तिथे तो पाच महिने राहिला. अंगणवाडीच्या शिधापत्रकांना चिकटून, घडीवर फाटत.

सही न करायला तिच्याकडे कारण नव्हतं. खरं तर गाडी नेण्याची गरज तिलाच होती. शेठची बहीण, म्हणजे तिथल्या मालकाची बायको, एकदा फोनवर बोलली होती. बाई प्रेमळ, पण बोलली ते सरळ. कारखाना गावाबाहेर, बाजार बारा किलोमीटर. बस नाही, रिक्षा नाही. कंपनीची गाडी गुरुवारी भाजीला जाते, तीत जागा असली तर जायचं. "बेन, अहींया गाडी वगर कंई चाले नहीं. पहेलुं वरस तो हुं बारीमां बेसीने रडी छूं." गाडीशिवाय इथे काही चालत नाही, पहिलं वर्ष मी खिडकीत बसून रडले. तिथे गाडी विकत घ्यायची म्हटली, तर दिपकचा पगार बघता दोन वर्षं तरी नाव काढायला नको.

म्हणजे गाडी नेली तर तिथे आपण माणूस. नाही नेली तर खिडकी. इतकं सरळ होतं ते. नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात त्या हिवाळ्यात काय झालं, ते तिथल्या माणसाला विचारा. आधी खालून आवाज यायचा, हायवेवरचा लोडेड ट्रक जणू जमिनीच्या पोटातून गेला. मग भांडी वाजायची. कधी दिवसातून एकदा, कधी पाचदा, कधी आठवडा नुसता गप्प, आणि ते गप्प राहणं जास्त भयंकर. शाळा झाडाखाली भरू लागल्या, सरकारने तंबू दिले, माणसं अंगणात झोपू लागली. सरावलीत खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. डोंगरपाड्यावर भिंतींना चिरा पडायच्या.

आणि गंगीचं घर विटांचं होतं. हेच जयश्रीला खात होतं. आईचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं. लग्नानंतर पाचव्या वर्षी जयश्रीने हट्टाने ते पाडायला लावलं. "आये, किती वर्षं चिखलात राहशील?" गंगीला नको होतं, ती नव्या भिंतीला हात लावून म्हणाली होती, "थंड हाय गे ही." कूड असता तर तो डोलला असता. विटा डोलत नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला एकामागून एक धक्के बसले आणि मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. फटीत बोट जात होतं.

जयश्री त्याच दुपारी गाडी घेऊन पोहोचली. "आये, चल. सरावलीला चल."

गंगी अंगणात बसून तांदूळ निवडत होती. "हिरव्याला कोण बघल?"

हिरवा म्हणजे त्यांचा घरचा देव. मोरपिसांचा जुडगा, भिंतीच्या खुंटीला टोपलीत बसवलेला. जयश्रीच्या आजोबांच्याही आधीपासून तो त्या घरात होता. त्याला दिवा लागतो, पहिलं धान्य लागतं, आणि त्याला पाड्याबाहेर न्यायचं नाही.

"शुक्राकाका बघेल."

"शुक्राचा त्याचा हिरवा हाय. दोन-दोन कसं बघल?"

"मग तंबूत तरी झोप. मिळालाय ना तंबू?"

"तंबूत शेळ्या बांधल्यात. त्यांना लय आवडलाय." गंगीने खडा फेकला. "कापडाला काय कडी असते? वारा येतो, विंचू येतो. माझी कंबर भुईवरून उठत नाय आता."

जयश्रीने आईकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग गाडी अंगणाच्या मधोमध घेतली, भिंत आणि आंब्याचं झाड दोघांपासून लांब. पुढची सीट मागे पाडली, वर गोधडी घातली. दार कसं उघडायचं, काच बोटभर खाली कशी ठेवायची, ते आईला तीनदा करून दाखवलं. एक किल्ली शेजारच्या शुक्राकाकाकडे दिली. आणि चारोटीपर्यंत जीपच्या मागच्या फळीवर बसून परत आली.

त्या दिवसापासून गाडी पाड्यावर राहिली. गाडीवाली बाय अंगणवाडीत चालत जाऊ लागली. नाक्यावरचे विचारायचे, "काय बाय, गाडी विकली?" ती म्हणायची, "माहेरी पाठवलीय, बाळंतपणाला."

घरात मात्र कोणी हसत नव्हतं. मार्च उजाडला. कंटेनर भरायची तारीख आली, मंगळवार.

"सही कर ना," दिपक म्हणायचा.

"करते."

"करते करते म्हणून किती दिवस झाले? बँकेत तुझी सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात, आणि इथे एकदम सोन्याची झाली."

"मी नव्हतं म्हटलं माझ्या नावावर घ्या. त्या तांदळांचं कोणी ऐकलं होतं?"

दिपक खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या आईला काही होऊ नये, मलाही वाटतं. पण तू तिथे काय करशील, याचाही विचार कर. मी सकाळी सातला आत जाणार, रात्री येणार. अदिती शाळेत. तू? त्या बाईने सांगितलेलं आठवतं का?"

"आठवतं."

"इथे तू एक दिवस घरात बसलीस की भांड्यांवर राग काढतेस."

अदिती आतून, पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "आई, तिथे बाजारात जायचं तर तू बाबांना विचारून जाणार? गुरुवारी?"

तेरा वर्षांची पोर. जे कोणी बोलत नव्हतं ते बोलून पुन्हा वाचायला लागली.

जयश्रीने त्या आठवड्यात सगळी दारं एकदा वाजवून बघितली. अंगणवाडीच्या राजीनाम्यावर सही झाली होती. ती परत घेता येत नव्हती. घर भाड्याचं, मेअखेर सोडायचं ठरलेलं. आपण मागे राहावं, असं तिने एकदा अर्ध्या वाक्यात बोलून बघितलं. दिपकने इतक्या घाबरून तिच्याकडे बघितलं की तिने वाक्य गिळलं. आईला घेऊन जावं, तर आई डहाणूलाच येत नाही, ती समुद्रापार काय येणार. कुठलंही दार ढकललं की पलीकडे तीच खोली. फक्त पर्समधला तो कागद तेवढा तिचा होता, आणि त्यावर काहीही केलं तरी कोणीतरी कोंडलं जाणार होतं. आई, नाहीतर आपण.

रविवारी ती दोघं पाड्यावर गेली. गाडी आणायची, सोमवारी धुवायची, मंगळवारी चढवायची. फॉर्म पर्समध्ये, कोराच. "तिथेच करते सही," ती निघताना म्हणाली, आणि दिपकने पुढे ताणलं नाही.

अंगणात पाय ठेवला आणि दिपक थबकला.

गाडीच्या बॉनेटवर मिरच्या वाळत होत्या. टपावर गोधडी. मागच्या सीटवर टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि ती दिपककडे अशी बघत होती की तोच परका. पण तो थबकला ते पुढे बघून. स्टिअरिंगच्या वर, काचेला टेकवून, हिरवा बसला होता. मोरपिसांचा तो जुना जुडगा, त्याला नवा शेंदूर, समोर तांदळाची चिमूट.

"आये, हे काय?" जयश्रीचा आवाज चढला.

"भिंत फाटली ना," गंगी म्हणाली. "खुंटी हलायला लागली. रघ्याला बोलावला. तो म्हणाला, जिथं तू झोपतेस तिथं याला बसव. आता हेच घर."

"रघ्या भगत म्हणाला?" दिपकने विचारलं.

"तोच. कोंबडं घेतलं त्याने." गंगी जावयाकडे बघून हसली. "तुझे तांदूळ त्यानंच बघितले होते."

दिपकने कपाळावर हात मारला आणि ओट्यावर बसला. शुक्राकाका आला, पाणी दिलं. "दर रविवारी चालू करतो गाडी," तो अभिमानाने म्हणाला. "दहा मिनिटं. बाय बोललेली तसंच. कोंबडीला पण सवय झाली, उठत नाय."

जेवायला सगळे अंगणातच बसले. घरात कोणी जेवत नव्हतंच. नाचणीची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी. दिपक दुसरी भाकर मोडत होता, तेव्हा तंबूतल्या शेळ्या चघळायच्या थांबल्या.

पाड्यावरच्या माणसांना ते लगेच कळलं. शुक्राकाकाने हातातला घास खाली ठेवला. मग आवाज आला, लांबून, खालून, आणि भुई एकदा इकडे एकदा तिकडे अशी ओढल्यासारखी झाली. ताटं खणखणली. मागच्या भिंतीवरून मातीची धार सुटली.

गंगी उठायचा प्रयत्न करत होती. कंबर तिला उठू देईना. दिपक उठला. पायात सळी असलेला तो माणूस, त्याने सासूला दोन्ही काखेत हात घालून उचललं, चार पावलांत गाडीपाशी नेलं, दार उघडलं, आत बसवलं आणि दार लावून घेतलं. वर स्वतः दाराला पाठ लावून उभा राहिला, जणू कोणी ते उघडायला येणार होतं.

आठ-दहा सेकंदं. मग सगळं शांत. कोंबडी आत एकदा कुरकुरली.

दिपक दारापासून बाजूला झाला. त्याने हात झटकले. काय करायला आलो होतो आणि काय केलं, हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट होतं की जयश्रीने दुसरीकडे बघितलं.

गंगीने काच खाली घेतली. तिला आता ते नीट जमत होतं. "जया," ती म्हणाली, "शुक्रा बोलला मला. परवा गाडी बोटीत जायची. मी हिरव्याला उचलते. त्याची काय ती समजूत मी घालीन, कोंबडं देईन. तू सांग फक्त. गाडी तुझी हाय."

सगळे तिच्याकडे बघत होते. आई गाडीच्या आतून, नवरा गाडीच्या बाहेरून, शुक्राकाका भाकरीवरून. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं तिच्या एका शब्दासाठी थांबली होती, आणि तिला वाटत होतं, कोणीतरी हा शब्द आपल्याकडून काढून घ्यावा. दिपकने रागवावं. आईने रडावं. पावती फाडल्यासारखं कोणीतरी फाडून घ्यावं.

ती उठली. घराच्या मागे गेली. भिंतीतल्या फटीत गंगीने जुनं लुगडं कोंबलं होतं, आणि आता फट इतकी रुंद झाली होती की लुगडं सैल पडून लोंबत होतं. जयश्रीने ते पुन्हा आत कोंबलं. ते राहीना. ही भिंत तिने बांधली होती.

परत आली तेव्हा तिच्या हातात फॉर्म होता. दिपक उठून उभा राहिला. त्याने खिशातून पेन काढलं सुद्धा. तिने गाडीचं डावीकडचं दार उघडलं, समोरचा खण उघडला, आरसी बुक आणि विम्याचा कागद बाहेर काढून त्यात तो कोरा फॉर्म ठेवला, आणि सगळं परत आत ठेवून खण लावला.

"नको उचलू त्याला," ती आईला म्हणाली.

दिपकने पेनाचं टोपण लावलं. त्याने विचारलं, "मग तिथे तू काय करणार?"

"बसेन."

ती ताटं गोळा करायला वाकली होती, आणि तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

मंगळवारी कंटेनर भरला. गाडीच्या जागेत शेठने जुने साचे, दोन गाद्या आणि मेहुण्यासाठी लोणच्याच्या बरण्या घातल्या. वासुदेवभाई म्हणाले, "ताई, आता ही गाडी इथलीच झाली हं." मेमध्ये तिघं विमानात बसले. विमानतळावर ट्रेमध्ये पर्स ओतली, तेव्हा तिच्यातून गाडीची दुसरी किल्ली निघाली. तपासणाऱ्या पोरीने ती उचलून बघितली आणि परत टाकली.

आता ती किल्ली क्वार्टरच्या दाराजवळ खिळ्याला आहे. क्वार्टर चांगलं आहे, खोटं कशाला बोला. दोन खोल्या, लादी, पाण्याला तोटा नाही. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे आवाराची भिंत, भिंतीत गेट, गेटपाशी एक म्हातारा पहारेकरी. तो रोज सकाळी तिला हात करतो, ती त्याला हात करते. पलीकडे लाल मातीचा रस्ता सरळ दिसत नाहीसा होईपर्यंत जातो. इतका मोकळा रस्ता! तिसऱ्या गिअरलाही कंटाळा येईल. जून-जुलै तिने भांड्यांवर राग काढला. ऑगस्टमध्ये तोही संपला. गुरुवारी कंपनीच्या गाडीत जागा असली तर ती बाजारात जाते. नसली तर चिठ्ठी देते. दिपक संध्याकाळी आला की आधी तिच्या तोंडाकडे बघतो, मग चपला काढतो. "पुढच्या वर्षी बघू एखादी जुनी," असं तो दर महिन्याला एकदा म्हणतो. ती मान हलवते.

रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे अकराला, ती खिडकीत फोन घेऊन बसते. शुक्राकाका फोन बॉनेटवर ठेवतो. आधी आईचा आवाज येतो.

"जेवलीस का गे?"

"अजून सकाळ आहे इथे, आये. हललं का या आठवड्यात?"

"हललं की. दोनदा. बुधवारी जरा जोरात. मी आतच होते."

"आणि भिंत?"

"पडली मागची. बरं झालं, वारा येतो."

जयश्री डोळे मिटते. "हिरवा?"

"बसलाय. तुझ्याच जागेवर."

मग शुक्राकाका ओरडतो, "लावतो गं बाय!" एक घरघर, थांबते. दुसरी घरघर, खोकल्यासारखी. आणि मग गाडी चालू होते. जयश्री फोन कानाला घट्ट दाबून धरते. सात वर्षं ऐकला होता हा आवाज, पण इतका नीट कधी ऐकला नव्हता. मागे कोंबड्यांचा गलका. पोरं ओरडतायत. आई कोणाला तरी सांगतेय, बॉनेटवरच्या मिरच्या उचल आधी, उडतील.

"काका, गिअर टाकू नका. नुसती चालू राहू दे."

"माहीत हाय गं!"

ती जाळीतून रस्त्याकडे बघत राहते. डावा पाय आपोआप लादीवर दाबला जातो, हळूच सुटतो.

"बाय, बंद करू?" शुक्राकाका विचारतो. "दहा मिनिटं झाली."

"झाली?"

"झाली की."

"अजून दोन ठेवा."